कामगारांचे बाबासाहेब : पाणी, खोली आणि आठ तास



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे, याचा मनवेलपाड्यातल्या आपल्या सर्व कुटुंबांना आनंद आहे. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण परमपूज्य बाबासाहेबांची महती ऐकतो. घटनेचे शिल्पकार, दीनदलितांचे कैवारी, बुद्धाचा धम्म या भूमीत परत आणणारे बोधिसत्त्व, हे आपलं बालवाडीतलं पोरही सांगेल. पण बाबासाहेब चार वर्षे हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते आणि त्या चार वर्षांत त्यांनी कामगारांसाठी काय काय केले, हे विचारले तर मोठी माणसंही गप्प बसतात. आम्ही गिरणीत आयुष्य काढलेली माणसं. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू या पानांवर मांडावी असे आम्ही ठरवले.

ही बाजू मांडण्याला आणखी एक कारण आहे. पाणी, घर, दवाखाना, रजा, पेन्शन या गोष्टी सरकारने गरिबाला दिल्या की ती सरकारची मेहरबानी, असे पुष्कळांना वाटते. आपल्या लोकांनाही वाटू लागले आहे. कुणी नळ आणून दिला की त्याच्या नावाचा बोर्ड लागतो आणि आपण हार घेऊन उभे. बाबासाहेबांचे सगळे आयुष्य नेमके याच्या विरुद्ध सांगते. माणूस म्हणून जगायला जे लागते ते मागायचे नसते, ते हक्काने घ्यायचे असते आणि कायद्यात लिहून ठेवायचे असते.

तहानलेला विद्यार्थी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी, आई भीमाबाई. वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यात आई गेली. भीमराव तेव्हा अगदी लहान होते.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांना वेगळे बसवीत. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई जाग्यावर नसला तर तहानलेलेच बसायचे. शाळा सरकारची, नळ सरकारचा, आणि पोराला पाण्याचा थेंब नाही!

१९०१ साली वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला ही भावंडं आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. वडिलांना निरोप पोचला नव्हता, म्हणून न्यायला कुणी आले नाही. मुलं महारांची आहेत हे कळताच गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, या बोलीवर गाडी मिळाली. बरोबर खायला भरपूर होते, पण रात्रभर कुणी पाणी दिले नाही, म्हणून अन्न असून पोरं उपाशी झोपली. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर हा प्रसंग कायमचा कोरला गेला. पैसा गाठीला असूनही सेवा मिळत नाही, म्हणजे हा नुसता गरिबीचा प्रश्न नाही, हे त्यांना त्या वयात कळले.

एका खोलीतला अभ्यास

पुढे कुटुंब मुंबईला आले. लोअर परळला डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत चूल, तिथेच सरपण, तिथेच माणसं झोपायची. जागा एवढी कमी, की वडील स्वतः जागे राहून मुलाला पहाटे दोनला उठवीत आणि त्याच्या जागी आपण आडवे होत. मग भीमराव दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गिरणगावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती खोली वेगळी समजावून सांगायला नको. दहा बाय दहामध्ये आपल्याही दोन-दोन पिढ्या गेल्या.

नंतर हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला गेले. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. हा ट्रस्ट म्हणजे काय, तेही सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, माणसं पटापट मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली की कामगार राहतात त्या जागांना ना हवा ना उजेड. मग १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्याने चाळी बांधल्या. म्हणजे बाबासाहेब ज्या घरात राहून एवढे मोठे झाले ते सरकारी खर्चाने बांधलेले कामगारांचे घर होते. माता रमाईचा संसारही तिथलाच. एका खोलीत कुटुंब, दुसरीत पुस्तकं आणि भेटायला येणाऱ्या माणसांची गर्दी. १९३० च्या दशकात दादरला राजगृह बांधून होईपर्यंत बाबासाहेबांचा मुक्काम तिथेच होता. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस चाळीच्या सार्वजनिक नळाच्या रांगेतल्या लोकांत राहत होता. म्हणून त्यांना चाळीचं दुखणं पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

डोक्यावर छप्पर नसणे म्हणजे काय तेही त्यांनी भोगले. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले, तिथून लंडनला, आणि १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले. एवढा शिकलेला अधिकारी, पण शहरात राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तर काही दिवसांनी लाठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन बाहेर काढले. सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता, तो तसाच पडून होता. अखेर सार्वजनिक बागेत तासन्‌तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. नोकरी गेली ती घर न मिळाल्यामुळे. आजही कुणाला आडनाव विचारून खोली नाकारली जाते तेव्हा बडोद्याचा तो दिवस आठवावा.

चवदार तळे

१९२३ साली बाबासाहेब बॅरिस्टर आणि अर्थशास्त्राचे डॉक्टर होऊन लंडनहून परतले. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकार चालवते ती पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्ट, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचे तळे आणि ओंजळीतले पाणी यात केवढे तरी अंतर असते. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता येत नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली आणि २० तारखेला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण केले गेले. बाबासाहेबांनी शांतता मोडू दिली नाही. पुढे तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. पाण्याचा हक्क मिळवायला सत्याग्रहही लागला आणि वकिलीही लागली. ठराव, लढा आणि कोर्ट, यातलं एकही पाऊल बाबासाहेबांनी वगळलं नाही.

कौन्सिलातले आणि गिरणीतले बाबासाहेब

१९२७ पासून बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद होते. १९२८ साली कारखान्यात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देण्याचे बिल आले. मालकधार्जिण्या लोकांनी खर्चाची ओरड केली. बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही साऱ्या देशाच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. गिरणीत रिंग खात्यात, वाइंडिंगला काम करणाऱ्या आपल्या आज्यांना त्याचा आधार झाला.

त्याच १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा आपल्या माणसांना कापड खात्यात घेत नसत. कारण काय, तर विणकराला धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा दुसरा हातात घेईना. कापड खात्यात पगार जास्त, म्हणून चांगली कमाई आपल्याला बंद. गिरणीचा भोंगा सगळ्यांना सारखा, पण खातं जातीप्रमाणे! बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले, की मालकाशी भांडता, मग आमच्या माणसाला कापड खात्यात येऊ देण्याचं काय? तेव्हा कुठे ही मागणी, जरा नाखुशीनेच, त्यांच्या यादीत आली. मालकांनी त्यावर हात झटकले, की हा आमचा दोष नव्हे. कामगाराला मालकही लुटतो आणि जातही लुटते, दोघांशी एकदम लढावे लागते, हा धडा बाबासाहेबांनी तेव्हाच दिला.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव पाहा, मजुरांचा पक्ष. १९३७ साली निवडून आल्यावर कोकणातली खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्यात महार होते, कुणबी होते. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलह बिल आणले. त्याने संप करणे फार अवघड होणार होते. बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप पुकारला. माणसाने आपले श्रम विकायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे, संप करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असे त्यांचे मत होते.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. आजच्या भाषेत केंद्रीय कामगारमंत्री. १९४६ च्या मध्यापर्यंत ते त्या जागेवर होते. महायुद्ध चालू, राज्य इंग्रजांचे, हाती अधिकार मर्यादित. तरी या चार वर्षांत जे काम झाले त्याचा हिशेब मांडला तर डोळे दिपतात.

ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीला त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींना एका बैठकीत आणले. तोपर्यंत कामगाराचे भवितव्य कामगाराच्या पाठीमागे ठरत असे. आता तो समोरासमोर बसू लागला.

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. नुसते ऑफिसात बसून अहवाल मागवला नाही. खाणीत उतरले, मजुरांच्या झोपड्यांत गेले, पाणी कुठून येते ते पाहिले. त्यानंतर जानेवारी १९४४ मध्ये खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा खाण मजुरांची घरे, पाणी, सफाई, दवाखाने, शिक्षण यांवर खर्च करायचा. ज्याच्या घामातून कोळसा निघतो त्याच्या घरासाठी कोळशानेच पैसा द्यायचा. यात मेहरबानी कुठे आली?

युद्धाच्या काळात १९४३ साली सरकारने बायकांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली. बाबासाहेब मंत्री असताना हे झाले आणि त्यावर मोठी टीका झाली, हेही सांगितले पाहिजे. कोळशाचा तुटवडा पडला म्हणून नाइलाजाने हे करावे लागले अशी बाजू त्यांनी मांडली आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल अशी अट घातली. युद्ध संपताच, फेब्रुवारी १९४६ पासून, बंदी पुन्हा लागू झाली.

१९४३ साली प्रा. अडारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी योजना सुरू झाली. हीच आपली ईएसआय. कायदा झाला तेव्हा मजूर खाते बाबूजी जगजीवनराम यांच्याकडे होते, पण पाया बाबासाहेबांच्या वेळचा. गिरणगावात कुणाच्या घरी ऑपरेशन झाले, टीबी झाला, बाळंतपण झाले की ते पिवळं-मळकं विम्याचं कार्ड ट्रंकेतून बाहेर निघायचं. त्या कार्डाने आपली किती माणसं वाचवली ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आता आठ तासांचे. भाषणात पुष्कळदा सांगतात, की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. खरा हिशेब असा, की १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास काम घेता येत असे. बाबासाहेबांच्या खात्याने ही मर्यादा खाली आणायचे ठरवले. नोव्हेंबर १९४५ च्या कामगार परिषदेत तो विषय मांडला, १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट १९४६ पासून आठवड्याचे ४८ तास झाले. सहा दिवसांनी भागा, आठ येतात. आकडा फुगवून सांगायची गरजच नाही. आठवड्याला सहा तास म्हणजे वर्षाला तीनशेहून जास्त तास बाबासाहेबांनी मालकाकडून घेतले आणि कामगाराच्या पोराबाळांना दिले. त्याआधी १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षाकाठी १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. तोवर रजा म्हणजे खाडा.

याशिवाय मालकाने युनियनला मान्यता देणे सक्तीचे करावे यासाठी १९४३ साली बिल मांडले. कामगारांचे पगार, घरे, कर्ज यांची पाहणी करायला १९४४ साली रेगे समिती नेमली. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे बिल मांडले, त्याचा कायदा १९४८ साली झाला. धरणे आणि वीज यांचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. दामोदर नदीच्या पुराला आळा घालून तिच्यावर पाणी आणि वीज दोन्ही मिळवायची योजना त्यांच्याच वेळी पुढे सरकली. गावाला दिवा आणि शेताला पाणी मिळाल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे अर्थशास्त्राचे गणित त्यांना पक्के ठाऊक होते.

घटनेत काय लिहिले

१९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले. मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेतजमीन सरकारने घेऊन गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, विमा सरकारने चालवावा आणि प्रत्येक प्रौढ माणसाचा विमा सक्तीने असावा, आणि हे सर्व घटनेतच लिहावे, म्हणजे सरकार बदलले तरी बदलणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. सगळे मान्य झाले नाही. पण २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले, आणि पुष्कळ गोष्टी घटनेत आल्या.

घरात घटनेचे पुस्तक असेल तर उघडून पाहा. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते सर्वांना खुले आहेत. ते महाडचेच तळे समजा. कलम १७ ने अस्पृश्यता गेली. कलम ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत सरकारने मदत करावी असे आहे. कलम ४२ मध्ये कामाच्या ठिकाणी माणुसकीची वागणूक आणि बाळंतपणाची सोय. कलम ४३ मध्ये पोटभर मजुरी. कलम ४७ मध्ये लोकांचा आहार आणि आरोग्य सुधारणे. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, फक्त त्यांच्या आधारावर थेट कोर्टात जाता येत नाही, हे खरे. पण सरकार कुठल्याही पक्षाचे असो, त्याला कुठे जायचे आहे तो रस्ता बाबासाहेबांनी आखून दिला. निराधार म्हातारीची पेन्शन, रेशन, अंगणवाडी या रस्त्यावरची गावं आहेत.

धम्म आणि सोपाऱ्याची शिळा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. गिरणगाव त्या दिवशी रस्त्यावर लोटले होते.

काही जण म्हणतात, की मजुरांचे बाबासाहेब वेगळे आणि धम्माचे बाबासाहेब वेगळे. आम्हाला तसे वाटत नाही. त्याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. मनवेलपाड्याहून हाकेच्या अंतरावर नालासोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट नावाचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. त्याच वर्षी सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात राजा सांगतो, की आधीचे राजे शिकारीला जात, मी धम्मयात्रेला जातो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटतो, त्यांना धन देतो, खेड्यातल्या माणसांशी बोलतो. दुसऱ्या एका लेखात माणसांना आणि जनावरांना औषधोपचार, रस्त्याच्या कडेला झाडे आणि विहिरी यांची हकिकत आहे. बावीसशे वर्षांपूर्वी आपल्या याच सोपाऱ्यात दगडावर कोरून ठेवले होते, की म्हाताऱ्यांना आधार देणे हे राज्याचे काम आहे. बाबासाहेबांनी ते पुन्हा घटनेत कोरले. करुणा मनात असून भागत नाही, तिचा कायदा व्हावा लागतो.

आज आपल्यापुढे काय आहे

आता थोडे कडू बोलायचे आहे. गिरण्या गेल्या आणि माणसं परळ, नायगाव, लालबाग सोडून विरार-नालासोपाऱ्याला आली. आपली पोरं आज सिक्युरिटीला आहेत, कुरियरला आहेत, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आहेत. किती जणांना हजेरीकार्ड आहे? पगाराची पावती किती जणांना मिळते? बारा तास ड्युटी करून पोरगा लोकलला लोंबकळत येतो आणि म्हणतो, सगळीकडे असंच आहे. सगळीकडे असंच होतं म्हणूनच तर बाबासाहेबांनी कायदा बदलला!

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्याच्या बदलाला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला जादा दाम आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे त्यात सांगितले आहे. पण कंत्राटावरच्या पोराची संमती म्हणजे काय, ते कामगाराला विचारा. उद्या कामावर यायचं असेल तर सही कर! नोव्हेंबर २०२५ मध्ये २९ जुने कामगार कायदे जाऊन चार संहिता लागू झाल्या. त्यात नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. तेवढे तरी प्रत्येकाने मागून घ्यावे. ईएसआयची पगाराची मर्यादा २०१७ साली २१,००० रुपये झाली. पगार त्या मर्यादेत असेल तर विमा क्रमांक मागा. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली आहे. लेकी-सुनांना ते माहीत नसते, मालक सांगत नाही, आणि पोट दिसू लागले की पोरगी मुकाट्याने काम सोडते. १९२९ साली मिळालेला हक्क आपल्या घरात येऊन असा विझतो.

घराचेही तसेच. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेलाच विजय नगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जीव गेले. ती माणसं काही हौसेने तिथे राहत नव्हती. ऐपतीत बसेल असं पक्कं घर मिळत नाही, म्हणून गरीब माणूस कागद न बघता आयुष्याची पुंजी ओततो. प्लेगमध्ये माणसं मेल्यावर ट्रस्टच्या चाळी झाल्या. पुन्हा माणसं मरायची वाट बघायची काय? खोली घेताना कागद तपासणे हे आपले काम. आणि कष्टकऱ्याला परवडेल असे घर मागणे हासुद्धा आपला हक्क. पन्नास नंबरच्या खोलीने एक बाबासाहेब घडवला. आजच्या कुठल्या खोलीत कोण अभ्यास करतोय, काय सांगावे?

म्हणून आमची विहाराला एक नम्र विनंती आहे. वंदना, प्रवचन, वर्षावास हे चालतेच. त्याबरोबर महिन्यातून एक रविवार विहारात कागदपत्रांसाठी ठेवावा. कुणाचा पीएफ नंबर, कुणाची निराधार पेन्शन, कुणाचे रेशनकार्ड, कुणाची पगाराची पावती. शिकलेल्या मुला-मुलींनी अर्ज लिहून द्यावेत आणि त्याची पोच घेऊन ठेवावी. पोच घ्यायला विसरू नये, बरं का! बाबासाहेब तळ्यावरही गेले आणि कोर्टातही दहा वर्षे टिकून राहिले, ते कागद हातात होता म्हणून.

नळाला पाणी आले तर आभाराचा फलक लावू नका. वेळेवर आणि पुरेसे का येत नाही याचा अर्ज द्या. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणाऱ्या हातांनी एवढे केले, तर ते त्यांना खरे अभिवादन होईल.

महामानवाच्या स्मृतीस आम्हा सर्व कष्टकऱ्यांचे त्रिवार वंदन.

जयभीम! नमो बुद्धाय!